पी-०८ पिस्तुलाचे परीक्षण आणि क्रमांक नसलेला कागद

दुसऱ्या महायुद्धातील लष्करी पिस्तुलांच्या बाजारात जाणकाराची तपासणी आणि वस्तूला मिळणारी किंमत यांचे नाते जितके घट्ट असावे असे मानले जाते तितके ते प्रत्यक्षात नसते, आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या ज्या मराठी संग्राहकाच्या अनुभवावर पुढील विवेचन आधारलेले आहे त्याला ही विसंगती अद्याप पचलेली नाही. दोष दाखवून दिल्यावर वस्तूचे मोल उतरते, निदान त्या दोषांची चर्चा तरी होते, ही त्याची समजूत एका पिस्तुलाच्या व्यवहाराने खोटी ठरवली. तो व्यवहार समजण्यासाठी पिस्तुलाची आणि त्याच्या परीक्षणाची थोडी माहिती आवश्यक आहे.

सामान्यतः ‘लुगर’ या नावाने ओळखले जाणारे हे पिस्तूल ह्यूगो बोर्खार्टच्या आधीच्या रचनेवरून गेओर्ग लुगरने विकसित केले. ते स्वित्झर्लंडने १९०० मध्ये, जर्मन नौदलाने १९०४ मध्ये आणि जर्मन भूदलाने १९०८ मध्ये स्वीकारले, आणि ‘पी-०८’ हे लष्करी नाव त्या शेवटच्या वर्षावरून पडले. नळीच्या मागे कोपरासारखा वर दुमडणारा जो सांधा असतो त्याला टॉगल म्हणतात, आणि गोळी सुटल्यावर तो वर उचलला जाऊन रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते. १९३० नंतर ओबर्नडॉर्फ येथील माउझर कारखाना हा त्याचा प्रमुख उत्पादक होता. तेथील लष्करी उत्पादन १९४२ मध्ये थांबले आणि त्याची जागा वॉल्थरच्या पी-३८ने घेतली. उत्पादकाची ओळख लपवण्यासाठी माउझरचे नाव उघडपणे न घालता टॉगलवर ‘एस/४२’, पुढे नुसते ‘४२’ आणि अखेरीस ‘बीवायएफ’ असे सांकेतिक ठसे उमटवले जात, तर उत्पादनाचे वर्ष चेंबरच्या माथ्यावर, म्हणजे जेथे काडतूस बसते त्या भागाच्या वर, कोरलेले असे. १९३४ साठी ‘के’ आणि १९३५ साठी ‘जी’ हे अक्षर वापरले गेले. १९३६ ते १९४० या काळात पूर्ण वर्ष दिसते.

परीक्षणाचा पाया अनुक्रमांक हा आहे. या पिस्तुलाचे भाग एकमेकांना हाताने जुळवून बसवले जात असल्यामुळे सांगाड्याच्या पुढच्या टोकाला, नळीच्या खालच्या बाजूस आणि रिसीव्हरवर, म्हणजे नळी व टॉगल यांना धरून ठेवणाऱ्या भागावर, पूर्ण क्रमांक घातला जाई, आणि टॉगलचे दुवे, डावीकडची झाकणपट्टी, सुटा करण्याचा खटका, ट्रिगर, सेफ्टीचा खटका, इतकेच नव्हे तर आत दडलेली फायरिंग पिन अशा लहानसहान भागांवर त्याचे शेवटचे दोन अंक ठोकले जात. हे सारे अंक एकच असतील तर त्या नगाला संग्राहक ‘मॅचिंग’ म्हणतात, आणि किंमत प्रामुख्याने या एका शब्दावर उभी असते. मॅगझिनच्या, म्हणजे गोळ्या भरण्याच्या पेटीच्या, बुडावरही तोच क्रमांक असे, आणि सोबतच्या दुसऱ्या मॅगझिनवर क्रमांकाबरोबर अधिकचे चिन्ह असे. युद्धाच्या धामधुमीत मॅगझिनांची अदलाबदल सर्रास झाल्यामुळे जुळणारे मॅगझिन दुर्मीळ असते. येथे एक सूक्ष्म मुद्दा लक्षात ठेवावा लागतो: क्रमांक दहा हजारांपर्यंत गेल्यावर मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू होई व क्रमांकामागे एक अक्षर जोडले जाई, आणि दर वर्षी हा क्रम नव्याने आरंभला जाई, त्यामुळे उत्पादक, वर्ष, अंक आणि अक्षर हे चारही एकत्र घेतल्याशिवाय एखाद्या नगाची ओळख निश्चित होत नाही.

दुसरी कसोटी पृष्ठभागाची. पोलादाला गंजापासून वाचवण्यासाठी त्यावर जो निळसर-काळा थर चढवतात त्याला ब्लूइंग म्हणतात. १९३७ पर्यंत माउझरने हा थर नियंत्रित गंज चढवून व तो पुन्हा पुन्हा घासून काढून तयार केला. ही पद्धत बाह्य पृष्ठभागापुरती असल्याने नळीच्या मुखाचा कडा आणि सांगाड्याच्या आतल्या बाजू उघड्या पोलादाच्याच राहत, आणि ट्रिगर, सेफ्टीचा खटका यांसारखे काही लहान भाग उष्णता देऊन गवती पिवळ्या रंगाचे केलेले असत. १९३७ च्या सुमारास क्षारांच्या तप्त द्रावणात संपूर्ण भाग बुडवण्याची पद्धत आली. तीत आतबाहेर सर्वत्र एकच काळसर निळाई चढते आणि पिवळे भाग नाहीसे होतात. म्हणूनच १९३६ च्या पिस्तुलाची नळी समोरून पाहिली आणि मुखाचा कडा काळा दिसला, तर ते पुन्हा रंगवले गेले आहे, अशी शंका तिथल्या तिथे घ्यावी लागते.

पेनसिल्व्हेनियातील एका शस्त्रप्रदर्शनात या संग्राहकासमोर नेमके असे पिस्तूल आले: टॉगलवर ‘एस/४२’, चेंबरवर १९३६, सर्व अंक जुळणारे, आणि विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार युद्धातून परतलेल्या एका अमेरिकन सैनिकाच्या घरातून थेट आलेले. संग्राहकाने प्रथम मॅगझिन काढून, टॉगल मागे ओढून चेंबर रिकामे असल्याची खात्री केली, आणि सुटे करण्याची परवानगी मागितली. ती मागितल्याशिवाय दुसऱ्याचे पिस्तूल उघडणे हा असभ्यपणा मानला जातो, आणि ती नाकारली गेली तर बोलणे तेथेच संपवलेले बरे. परवानगी मिळाली. झाकणपट्टी निघाल्यावर सांगाड्याची आतली बाजू काळीभोर दिसली. नळीचे मुखही काळे होते. रिसीव्हरच्या उजव्या बाजूस जर्मन लष्करी निरीक्षकाचा, गरुड व त्याखाली ६३ हा आकडा असलेला, ठसा जागेवर आणि योग्य स्वरूपाचा होता, पण त्याच्या कडा रोज घासल्या जाणाऱ्या समईवरील नक्षीप्रमाणे बुजल्या होत्या, आणि पिनांच्या भोकांभोवती उथळ खळगे पडले होते, जे चाकावर जोर देऊन पॉलिश केल्याखेरीज पडत नाहीत. ट्रिगरचा पिवळा रंग तर इतका एकसारखा होता की तो उष्णतेचा नसून वरून चढवलेला आहे हे भिंगाशिवायही कळत होते. अंकांबाबत मात्र बनावटीचा पुरावा नव्हता. झाकणपट्टीवरील अंकांखालचा पृष्ठभाग घासून नवे अंक ठोकले असते तर तिरप्या प्रकाशात तेथे सखलपणा दिसला असता, आणि तो दिसला नाही. थोडक्यात, पिस्तूल अस्सल होते आणि त्याचे भागही बहुधा मूळचेच होते, परंतु त्याचा पृष्ठभाग मूळचा नव्हता, आणि पुन्हा रंगवलेल्या लुगरची संग्राहकी किंमत फार मोठ्या प्रमाणात उतरते.

हे सर्व विक्रेत्याला सांगितल्यावर त्याने वाद घातला नाही, हेच या प्रसंगातील सर्वांत खटकणारे अंग आहे. वाद घातला असता, आतली बाजू पूर्वीपासूनच काळी होती असा दावा केला असता, तर निदान परीक्षणाला उत्तर मिळाले असते. त्याऐवजी त्याने प्लास्टिकच्या पाकिटातून एक पिवळा पडलेला टंकलिखित कागद बाहेर काढला. अमेरिकन सैनिकाला शत्रूकडून जप्त केलेली वस्तू मायदेशी नेण्याची अनुमती देणारे, वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीचे असे दाखले युद्धाच्या अखेरीस दिले जात, आणि ज्या दाखल्यावर पिस्तुलाचा क्रमांक नोंदलेला असतो तो खरोखरच मौल्यवान असतो, कारण त्यामुळे विशिष्ट वस्तू विशिष्ट माणसाशी जोडली जाते. या दाखल्यावर एक जर्मन पिस्तूल एवढेच लिहिले होते. ना क्रमांक, ना वर्ष, ना लुगर की वॉल्थर याचा उल्लेख. संग्राहकाने हेही निदर्शनास आणले, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या ग्राहकाने, ज्याने हा संपूर्ण संवाद ऐकला होता, पिस्तूल हातातही न घेता कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि मागितलेली किंमत, जी मूळ पृष्ठभागाच्या निर्दोष नगाला शोभावी अशी होती, कबूल केली.

या व्यवहारात कोणी खोटे बोलले नाही, म्हणूनच त्याला अन्याय म्हणावे की नाही हा प्रश्न उरतो. विक्रेत्याने रंग मूळचा आहे असे म्हटले नव्हते, ग्राहकाची फसवणूक झाली नव्हती, आणि दाखला अस्सल नव्हता असे समजण्यासही आधार नव्हता. तरीही जो अभ्यास करतो त्याने दोष शोधावेत आणि जो करत नाही त्याने वस्तू घेऊन जावी, व त्याच किमतीचा दाखला देत पुढच्या वर्षी इतर विक्रेत्यांनी आपले भाव चढवावेत, ही रीत त्या छंदाला शोभणारी नाही. ‘पिस्तूल विकत घ्या, कहाणी नको’ हा संग्राहकांमधील जुना नियम सर्वजण तोंडाने म्हणतात, आणि बाजार मात्र नेमका त्याच्या उलट चालतो. काळ्या बेकेलाइटच्या मुठीपट्ट्या असलेल्या ‘बीवायएफ’ नगांना युद्धानंतर विक्रीसाठी ‘ब्लॅक विडो’ असे नाव दिले गेले, जर्मन सैन्याला ते ठाऊकही नव्हते, तरी केवळ त्या नावाचा वेगळा भाव मोजणारे आजही पुष्कळ आहेत.

क्रमांक आणि कहाणी यांतील अंतर मराठी वाचकाला एका वेगळ्या आणि क्लेशकारक संदर्भातून ठाऊक असावे. गांधीहत्येत वापरले गेलेले इटालियन बेरेटा १९३४ पिस्तूल ६०६८२४ या क्रमांकाने निश्चितपणे ओळखले जाते, आणि ते ग्वाल्हेरमध्ये मिळवले गेले होते. पण इटालियन बनावटीचे ते शस्त्र ग्वाल्हेरपर्यंत कोणत्या हातांतून आले याविषयी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींना त्या क्रमांकाचा काहीही आधार नाही. क्रमांक वस्तू कोणती हे सांगतो, तिचा प्रवास सांगत नाही. आणि क्रमांक नसलेला कागद प्रवास सांगतो, पण कोणत्या वस्तूचा ते सांगत नाही.

येथे एक गोष्ट मान्य करणे भाग आहे, आणि ती वरील तक्रारीच्या विरुद्ध जाते. पुन्हा रंगवलेला पृष्ठभाग ही कहाणी खोटी असल्याची खूण नव्हे. युद्धानंतर अनेक सैनिकांनी आपल्या आणलेल्या पिस्तुलांना हौसेने नवा रंग चढवला, काहींनी तर निकेलचा मुलामा दिला, कारण त्यांच्या दृष्टीने ती वस्तू संग्रहणीय नव्हती, स्वतःच्या तारुण्याची खूण होती. याउलट जी पिस्तुले सोव्हिएत सैन्याने जप्त केली, शस्त्रागारांत सुटी करून सरमिसळ भागांनिशी पुन्हा जोडली व रंगवली, आणि जी पुढे कित्येक दशकांनी आयात होऊन आयातदाराच्या ठशासह अमेरिकेत आली, त्यांच्याजवळ असा कागद असणे शक्यच नसते. पेनसिल्व्हेनियातील पिस्तुलावर आयातीचा ठसा नव्हता आणि त्याचे अंक जुळत होते. म्हणजे ते सैनिकाच्याच सामानातून आले असण्याची शक्यता परीक्षणाने कमी केली नव्हती, उलट वाढवली होती, आणि दुसऱ्या ग्राहकाने काहीही न तपासता कदाचित योग्य निष्कर्ष काढला होता.

खरेदी करू इच्छिणाऱ्याला तपासणीविषयी आणखी दोन गोष्टी सांगता येतात. मुठीच्या लाकडी पट्ट्या काढून खालचा पृष्ठभाग पाहिल्याशिवाय व्यवहार पक्का करू नये, कारण घामाने चढलेला गंज तेथेच दडतो, आणि स्क्रूंच्या खाचा चेंदलेल्या असतील तर कोणीतरी अकुशल हातांनी ते आधी उघडलेले असते. तसेच सर्व अंक जुळणाऱ्या नगातून गोळी झाडू नये; ऐंशीहून अधिक वर्षांचा एखादा लहान भाग तुटला तर त्या जागी बसवलेला दुसरा भाग कितीही चांगला असला तरी ‘मॅचिंग’ हा शब्द कायमचा जातो. भारतात राहणाऱ्या वाचकाला हे ज्ञान बहुतांशी पुस्तकीच राहणार आहे, कारण नऊ मिलिमीटरचे पिस्तूल येथे निषिद्ध बोअरमध्ये मोडते आणि २०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची मर्यादाही तीनवरून दोनवर आली आहे.

त्या संग्राहकाने पुढे दुसरे १९३६ चे पिस्तूल घेतले. त्याचा रंग मूळचा, झिजलेला, मुखाचा कडा उघड्या पोलादाचा, मॅगझिन मात्र दुसऱ्याच नगाचे होते. सोबतच्या दाखल्यावर अंक आणि अक्षर दोन्ही होते, आणि त्या दाखल्यासाठी त्याने जी जादा रक्कम मोजली ती त्याच्या स्वतःच्या नियमांत कोठेही बसत नाही.