गुण कोणास येईल?

वाशिमास आम्हीं छत्तीस वर्षें संस्कृत शिकविलें. परीक्षेपूर्वीं कोणत्या मुलास किती गुण मिळतील, हें आम्ही मनाशीं ठरवून ठेवीत असूं; आणि दरवर्षीं दोन-चार मुलें तरी आमचें भाकित खोटें पाडीत. या फजितीची आठवण पुन्हां झाली ती आमच्या पुतण्याच्या दुखण्यामुळें.

चिरंजीवांस दहा वर्षांपासून सोरायसिस आहे. कोपर, गुडघे व पाठ यांवर तांबडे चट्टे उठतात आणि त्यांवरून अभ्रकासारखे पापुद्रे सुटतात. चरकसंहितेंत अठरा कुष्ठें सांगितलीं आहेत. त्यांतील एककुष्ठाच्या त्वचेस माशाच्या खवल्यांची उपमा दिली आहे. हें वर्णन आम्हीं मोठ्या प्रौढीनें घरांत सांगितलें मात्र, दुसऱ्याच दिवशीं त्याचें ताट-तांब्या निराळा झाला! हा रोग स्पर्शानें होत नाहीं, हें मागाहून किती सांगितलें, तरी गेलेला शब्द परत येईना.

मलमें झालीं, गोळ्या झाल्या. अखेरीस अकोल्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनीं बायोलॉजिक जातीचीं इंजेक्शनें सुचविलीं. जिवंत पेशींकडून करवून घेतलेलीं हीं प्रथिनें शरीरांत दाह पेटविणाऱ्या एखाद्या निरोप्यासच नेमकें अडवितात. खर्च मात्र आमच्यासारख्यांस जड. वहिनींनीं पाटल्या काढून पुढें ठेविल्या. तेव्हां आम्हीं विचारलें, "डॉक्टरसाहेब, यास गुण येईल कीं नाहीं, हें आधीं सांगतां येईल काय?"

"खात्रीनें नाहीं, गुरुजी," ते म्हणाले. वजन फार असलें, किंवा या जातीचें एखादें औषध पूर्वीं निष्फळ झालें असलें, तर गुण कमी येण्याचा संभव असतो. रक्तांतून जनुकांची परीक्षाहि करतां येते. सन २०१९ मध्यें ब्रिटनमधील १,३२६ रोग्यांच्या अभ्यासांत असें दिसलें कीं, एचएलए-सी ०६:०२ हें जनुकरूप ज्यांच्यांत नव्हतें, त्यांस उस्टेकिनुमॅबपेक्षां अदलिमुमॅब अधिक मानवलें. "पण ही सरासरी झाली, एका माणसाचें भविष्य नव्हे. सुप्त क्षय आहे काय, तें मात्र आधीं पाहिलेंच पाहिजे. मग सोळा आठवड्यांनीं चट्टे मोजूं. गुण नसला तर औषध बदलूं."

त्यांचें हें सरळ उत्तर आम्हांस आवडलें. प्रकृति पाहून औषध द्यावें, हा आयुर्वेदाचा जुना दंडक. सन २००५ मध्यें पुणें विद्यापीठांतील संशोधकांनीं ७६ जणांच्या प्रकृति एचएलए जनुकांशीं ताडून पाहिल्या होत्या. म्हणजे जुन्या-नव्या दोन्ही वैद्यकांपुढें प्रश्न एकच: रोग एक, औषध एक, मग एकास गुण कां आणि दुसऱ्यास कां नाहीं? त्याचें पुरें उत्तर अद्याप कोणाच्याहि हातीं आलेलें नाहीं.

पाटल्या आम्हीं वहिनींस परत केल्या. सोळा आठवड्यांचा खर्च आमच्या निवृत्तिवेतनाच्या शिलकींतून करावा व निकाल पाहून पुढचें ठरवावें, असें घरांत ठरलें. पहिलें इंजेक्शन श्रावणांत झालें, निकाल मार्गशीर्षांत. या वेळीं आम्ही भाकित केलेलें नाहीं.

एका गोष्टीस मात्र निकालाची वाट पाहण्याचें कारण नव्हतें. त्याच सायंकाळीं चिरंजीवांचें ताट-तांब्या आम्हीं स्वहस्तें उचलून पंक्तींत आमच्या शेजारीं मांडला. शब्द आमचा होता; तो फिरविण्याचें कामहि आमचेंच होतें.