दुसरा गिअर

मराठी ग्रामीण साहित्याने मोट, नाडा आणि धाव यांना जेवढे प्रेम दिले, त्याच्या शतांशानेही जीपच्या गिअरबॉक्सला दिलेले नाही. साहित्य शिकवण्यात हयात गेलेल्या माझ्यासारख्याला ही उणीव जाणवली, त्याचे कारण मात्र वाङ्मयीन नाही. गेल्या उन्हाळ्यात अंबड तालुक्यातील आमच्या शेतावर, लिंबाच्या झाडाखाली, मी धाकट्या भावासोबत दोन दिवस गिअरबॉक्स बदलत होतो.

गाडी वडिलांनी लिलावात घेतलेली, महिंद्राची एमएम ५४०, चारही चाकांना ओढ असलेली. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत बैलगाडीही रुतते. तिथे या गाडीचे मोल कळते. गिअरबॉक्सच्या पाठीला ट्रान्सफर केस असते. ती पुढच्या चाकांना ओढीला जुंपते, आणि ‘लो’मध्ये टाकली की वेग जवळजवळ अडीचपट घटून ताकद त्या प्रमाणात वाढते. दोष एवढाच होता, की चढावर दुसरा गिअर निसटून जाई. भाऊ दांड्यापुढे गुडघा अडकवून गाडी चालवी. कित्येक वर्षे.

वाटणीनंतर आम्ही एकमेकांशी कामापुरतेच बोलत होतो. या कामाला दोन माणसे लागतात म्हणून त्याने बोलावले, आणि सुट्टी होती म्हणून मी गेलो, असे आम्ही दोघांनीही भासवले.

हूड उतरवले, पायाखालचा पत्रा उघडला, तेल काढले. तेलात पितळेचा बारीक चुरा चमकत होता. प्रॉपेलर शाफ्ट सोडवण्यापूर्वी भावाने जोडांवर खडूने खुणा केल्या. मी आडव्या पट्टीचे बोल्ट सोडू लागलो, तेव्हा त्याने माझा हात धरला. इंजिनाची मागची बाजूही त्याच पट्टीवर टेकलेली असते. आधी इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावावा लागतो. हे मला कसे ठाऊक असणार? फांदीला बांधलेल्या चेनपुलीने ते जड खोके संध्याकाळी एकदाचे खाली आले.

पॉलिटेक्निकला असलेला पुतण्या म्हणाला, “काका, २०२० च्या थारमध्ये ऑटोमॅटिक आला. दांडा सारखा हलवायलाच नको.” अर्थात ते खरे आहे. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल खेळवून शक्ती पोचवण्याची ही युक्ती हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये पेटंट केली, तीही जहाजांसाठी. मोटारीत ती १९४० च्या ओल्ड्समोबीलबरोबर बाजारात रुळू लागली. पण ऑटोमॅटिकच्या पोटातील तेलाच्या वाटा इतक्या अरुंद असतात, की कचऱ्याचा एक कणही पुरे. आमच्या खळ्यावरच्या धुळीत तो उघडणे म्हणजे त्याची माती करणे. असो.

रात्री, बल्बच्या उजेडात, भावाने जुन्या खोक्याचे झाकण काढले. त्याची गरज नव्हती. बदली गिअरबॉक्स जालन्याहून आणून ठेवलेला होता. दुसऱ्या गिअरची बारीक दाती झिजून गोल झाली होती. त्यांवरून त्याने बोट फिरवले.

“तेरा सालचं हाय हे,” तो म्हणाला. “पाणी ओढलं तवाचं.”

२०१२ मध्ये पाऊस दगावला आणि २०१३ च्या उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा जागेवर वाळल्या. लोकांनी त्या तोडून सरपण केले. मी शहरातून फोन करून माझ्या वाट्याची झाडे तोडून टाकायला सांगितले होते. माझे सगळे तर्कशुद्ध होते: टँकरचा दर, झाडांचे वय, पुढच्या पावसाचा भरवसा. त्याने ‘बरं’ म्हटले होते. पुढे झाडे जगली, तेव्हा ती मुळातच चिवट असावीत असा निष्कर्ष मी काढला.

“माझ्या वाट्याची?”

“तीनशे झाडं, दादा. कुठं वेगळी काढायची? टाकी तीच, चढ तोच.”

मी काही बोललो नाही. त्याची अपेक्षाही नसावी. तो हात पुसून झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी शाफ्ट क्लचप्लेटमध्ये शिरेना. चेनपुली भार पेलत होती. तो खाली आडवा पडून खोक्याचा कल सांभाळत होता, मी वरून. बोटभर अंतर राहिले. मी उतावीळपणे बोल्ट आवळायला घेतले.

“बोल्टानं ओढू नको, प्लेट मोडंल. गिअरात टाक आन् मागची फ्लँज फिरवीत राहा. हळू.”

मी फिरवत राहिलो. त्याचा श्वास खालून ऐकू येत होता. मग काहीही आवाज न करता खोके पुढे सरकले.

जुने खोके भंगारात देऊ, असे मी म्हणालो. जालन्याच्या भट्ट्यांतून त्याची सळई होईल. त्याने ते पोत्यात गुंडाळून गोठ्यात ठेवले.

नव्वद नंबरचे तेल भरून संध्याकाळी आम्ही बागेच्या चढावर निघालो. गाडी तो चालवत होता. दुसरा गिअर पडला आणि पक्का बसला. निसटण्याचे काही चिन्ह नव्हते. तरी त्याचा गुडघा दांड्यापुढेच अडकलेला होता.