'हो, करते ना प्रार्थना!'

तुम्ही कधी कुणाला 'तुझ्यासाठी प्रार्थना करते' असं सांगून सरळ विसरून गेलायत? मी गेलेय. आणि त्याचे पेढेही खाल्लेत!

झालं असं, की माझ्या रूममेटच्या आईची बायपास ठरली. ती धावतपळत साताऱ्याला गेली. रात्री तिचा मेसेज आला, 'प्रार्थना कर ना गं. तुमच्यात करतात ना?' मी लगेच टाइप केलं, 'हो, करते ना!' वर हात जोडल्याचा इमोजी. मग एका लेखाची डेडलाइन, मग एक सिनेमा, मग झोप. प्रार्थना? शून्य.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. दहा दिवसांनी ती परतली, कंदी पेढ्यांचा बॉक्स घेऊन. 'हे तुझ्या प्रार्थनेचे,' म्हणाली. मी एक पेढा उचलला, खाल्ला आणि हसलेसुद्धा. पण तो घास काही केल्या घशाखाली उतरेना.

मी मूळची नगरची. आता अहिल्यानगर म्हणायचं. अमेरिकन मराठी मिशन तिथं १८३१ मध्ये पोचलं, रेव्हरंड ना. वा. टिळकांसारखा कवी तिथं राहिला. त्यामुळे आमच्या घरातला येशू अगदी मराठी. पेटी-तबल्यावर भजनं, ख्रिसमसला केकच्या शेजारी करंज्या आणि भेटल्यावर 'सलाम'. पुण्यात नोकरीला आले तेव्हा मी दर रविवारी चर्चला जायचे. मग एकाआड एक रविवार, मग ईस्टर आणि ख्रिसमस. नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं तेव्हा तर रविवार म्हणजे ब्रंच, हे ठरूनच गेलं. आईचा फोन आला, की 'चर्चला गेलीस का गं?' 'हो गं.' झालं!

गंमत म्हणजे, माझं देवाशी काही बिनसलं नव्हतं. भांडण झालं असतं तर बरं, निदान बोलणं तरी झालं असतं! मी नास्तिकही झाले नव्हते. सगळं छान चाललं होतं आणि देव लागतच नव्हता, इतकंच.

त्या रात्री पलंगाखालच्या बॅगेतून दृढीकरणाच्या वेळी मिळालेलं बायबल काढलं. लहानपणी संडे स्कूलमध्ये ऐकलेला एक शब्द डोक्यात घोळत होता, 'कोमट'. सापडला. प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात, लावदिकीया गावच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात. आतली पत्रकार जागी झाली, म्हणून या गावाबद्दल वाचत गेले. आजच्या तुर्कस्तानातलं हे तेव्हाचं श्रीमंत शहर. इसवी सन ६०च्या सुमारास भूकंपात पडलं, तर रोमच्या बादशहाची मदत न घेता स्वतःच्या पैशानं पुन्हा उभं राहिलं. जवळच्या हिरापोलीसला गरम पाण्याचे झरे. यांना मात्र पाणी लांबून नळानं आणावं लागे. आमचं आम्ही बघू, कुणाची गरज नाही, अशा गावाला 'कोमट' म्हटलंय. वाचताना कुणीतरी माझंच बँक स्टेटमेंट वाचून दाखवतंय असं वाटलं.

रविवारी अलार्म लावून चर्चला गेले. शेवटच्या बाकावर बसले. काहीतरी भारी घडेल, डोळ्यांत पाणी वगैरे येईल, अशी तयारी होती. काहीच झालं नाही. उपदेशात दोनदा जांभई आली. निघताना दारात पाळकसाहेबांनी हात पुढे केला, 'सलाम! नवीन का?'

'नाही. जुनीच आहे. खूप दिवसांनी आले.'

पेढ्यांची गोष्ट मी तिथंच, चपला घालताना सांगून टाकली. ते रागावले नाहीत. म्हणाले, 'रोज पाच मिनिटं बसा. एका वेळी एकाच माणसाचं नाव घ्या. आणि त्या मुलीला खरं सांगा.'

पहिल्या दोन गोष्टी सोप्या होत्या. तिसरीला चार दिवस लागले. शेवटी किचनमध्ये चहा गाळताना बोलले, 'त्या रात्री मी प्रार्थना केलीच नव्हती.' ती काही बोलली नाही. कप घेऊन आत गेली. दोन दिवस आमचं फक्त 'गॅस बंद केलास का?' एवढंच संभाषण. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंपासून त्यांची काही वर्षं ताटातूट झाली होती. मला दोन दिवसांचा अबोला जड जात होता.

तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, 'मग आता कर. आई पथ्य अजिबात पाळत नाहीये.'

त्या रात्री केली. मोठी वाक्यं सुचलीच नाहीत. काकूंचं नाव घेतलं, 'त्यांना भात कमी खायची बुद्धी दे' म्हटलं, आमेन म्हटलं. आणि कितीतरी वर्षांनी वाटलं, की मी कुणाशी तरी बोलतेय.

आता मी एकदम संतीण झालेय असं नाही हं. परवाचाच रविवार झोपेत गेला. पण आईला फोनवर तसं खरं सांगितलं. आणि कुणी 'प्रार्थना कर' म्हटलं, की आता मी इमोजी टाकत नाही. आधी दोन मिनिटं डोळे मिटते. मग लिहिते, 'केली.'