कपाटाची किल्ली

‘मोबाइलवर सगळं मिळतं, आता वाचनालय कशाला?’ हा प्रश्न तुम्हालाही कुणीतरी विचारला असेल. मीसुद्धा एकेकाळी वाद घालत नसे. खरं सांगायचं तर शाळेच्या पुस्तकांचं कपाट मी कुलूप लावूनच ठेवत होतो. एखादं पुस्तक हरवलं तर नोंदवहीत उत्तर मला द्यावं लागणार, ही भीती. त्यामुळे आमची पुस्तकं अगदी कोरी करकरीत होती!

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं. ते किनाऱ्याला लागलं बाणकोटच्या खाडीपलीकडे, श्रीवर्धनच्या बाजूला. पण दापोली-मंडणगडची पार दैना झाली. केळशीत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरची कौलं आणि पत्रे उडाले. विजेचे खांब पडले, मोबाइलची रेंज गेली. आणि ही गोष्ट नेमकी त्या महिन्यातली, जेव्हा राज्यभर ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणत सगळा अभ्यास मोबाइलवर येत होता. आमच्याकडे फोन चार्ज करायलाही वीज नव्हती. ऑनलाइन वर्ग कसले घेणार?

घरी बसून करायचं काय, म्हणून एक दिवस कपाट उघडलं. वरच्या कप्प्यातली पुस्तकं भिजून फुगली होती, ती वाळत घातली. बाकीची पिशवीत भरली आणि वाडीवाडीतून फिरलो. कोरोनाचे दिवस होते, त्यामुळे परत आलेलं पुस्तक तीन दिवस बाजूला ठेवायचं आणि मगच दुसऱ्याला द्यायचं, असा नियम केला. मुलं तो माझ्यापेक्षा काटेकोर पाळायची.

‘श्यामची आई’ला सर्वात जास्त मागणी. साने गुरुजींचं पालगड आपल्याच दापोली तालुक्यातलं, हे मुलांना ठाऊक होतं. पण पुस्तक हातात कुणी घेतलं नव्हतं. सहावीतल्या एका मुलीने ते दोनदा मुदत वाढवून ठेवून घेतलं. मी जरा रागावलोच. तर म्हणाली, “सर, माझं कधीच झालं. आता बाबा वाचतायत.” तिचे बाबा दिवसभर छपराच्या कामात असायचे आणि रात्री चिमणीच्या उजेडात वाचायचे. शाळा सुटल्यावर त्या माणसाने बहुधा पहिल्यांदाच पुस्तक हातात धरलं होतं. एकाच मोबाइलवर मुलीचा अभ्यास आणि बापाचं वाचन जमलं असतं का, तुम्हीच सांगा.

मोबाइलच्या विरोधात मी नाही हं. मराठी विश्वकोश आज घरबसल्या फुकट वाचता येतो, ही केवढी सोय! माझे अर्धे पाठ त्यावर तयार होतात. पण तिथे काय शोधायचं हे आधी माहीत असावं लागतं. कपाटापुढे उभं राहिलेलं पोर मात्र न शोधलेलं पुस्तक उचलतं.

आपल्या जिल्ह्याला ही परंपरा नवीन नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ मध्ये पुराचं पाणी शिरलं, २०२१ मध्ये पुन्हा शिरलं. दोन्ही वेळा लोकांनी ते पुन्हा उभं केलं. ज्याची गरज संपली, ते कोण दोन-दोनदा उभं करील? आपल्या राज्यातली बहुतेक गावची वाचनालयं स्थानिक मंडळीच चालवतात आणि शासनाचं अनुदान त्यांना वर्गवारीप्रमाणे मिळतं. त्यामुळे वाचनालय टिकवायचं तर सभासद हवेत, वर्गणी हवी, येणारी-जाणारी माणसं हवीत. पालकांनी नुसतं ‘मुलं वाचत नाहीत’ म्हणून चालत नाही. शनिवारी पोराला घेऊन जा आणि स्वतःही एक पुस्तक बदलून आणा.

आमच्या कपाटाची किल्ली आता सातवीच्या वर्गाकडे असते. गेल्या मोजणीत नऊ पुस्तकं कमी भरली. त्यातलं एक मला परवा एका घरात देवळीत ठेवलेलं दिसलं, चांगलं वाचून वाचून पानं सुटलेलं. मी चहा घेतला आणि न मागताच परत आलो.