कळत नाहीये

मराठीत दुखण्यासाठी शब्दांची कमी नाही. ठणका, कळ, चमक, सणक, रग, उसण. माझ्या आईने चार वर्षं हे सगळे शब्द आपल्या कमरेसाठी वापरले. पण 'कळत नाहीये' अशी तक्रार तिने आयुष्यात कधी केली नव्हती. जे दुखत नाही, त्याची तक्रार काय करायची?

आईच्या कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यापाशी नसांची वाट अरुंद झाली होती. देवळापर्यंत जाताना ती दोनदा बसायची. पुढे वाकलं की तिला बरं वाटायचं. गोळ्या, पट्टा, फिजिओथेरपी सगळं झालं आणि शेवटी पुण्यात ऑपरेशन ठरलं. मणक्याच्या मागचं थोडं हाड काढायचं आणि नसांना जागा करून द्यायची. संमतीपत्रावर 'रक्तस्राव' हा शब्द होता. आम्हाला वाटलं, म्हणजे ऑपरेशन चालू असताना रक्त जाईल, लागलं तर बाटली चढवतील.

नंतरच्या रक्ताचा विचार आमच्या डोक्यातच नव्हता. आपला मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या खाली नसांचा जुडगा असतो. तो घोड्याच्या शेपटासारखा दिसतो, म्हणून लॅटिनमध्ये त्याला 'कॉडा इक्विना' म्हणतात. पायांची ताकद, लघवी, शौच आणि दोन मांड्यांमधल्या जागेची जाणीव, सगळं याच नसांकडे. त्यांच्या आवरणाभोवती बारीक शिरांचं जाळं असतं. ऑपरेशननंतर तिथे थोडं रक्त साठतंच आणि बहुतेकांचं शरीर ते जिरवून टाकतं. पण क्वचित, शंभरात एकापेक्षाही कमी जणांत, ते साठत जातं आणि नसांना दाबतं. वरून पट्टी कोरडी दिसू शकते. रक्त बाहेर काढायला लावलेली ड्रेनची नळी गुठळीने तुंबू शकते.

आईचं ऑपरेशन दुपारी व्यवस्थित झालं. रात्री कमर जास्तच दुखायला लागली. "कापलंय म्हटल्यावर दुखणारच ना," असं तीच मला समजावत होती. लघवीची नळी लावलेली होती, त्यामुळे लघवी अडकली असती तरी ते दिसायची सोय नव्हती. सिस्टर येऊन पायाचा अंगठा वर ओढायला सांगायच्या, आई तो ओढायची.

रात्री एकच्या सुमारास वॉर्डातल्या मावशी कपडे बदलायला आल्या. त्यांनी मला बाहेर पाठवलं. तेव्हा आई हळूच म्हणाली, "मावशी, तुमचा हात लागतोय ते मला कळत नाहीये."

मावशींनी हातातलं काम टाकून सिस्टरना हाक मारली. डॉक्टर आले तेव्हा आईचा उजवा अंगठा उचलला जात नव्हता. लगेच एमआरआय झाला आणि पहाटे चारला तिला पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. टाके उघडून गुठळी काढली. दाबलेल्या नसांना फार वेळ नसतो, दाब काही तासांत उतरावा लागतो, असं डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले. कुणाची चूक नसतानाही हे होऊ शकतं, हेही त्यांनी सांगितलं.

आईला रात्री नऊपासून कळत नव्हतं. मी शेजारच्या स्टुलावर बसलो होतो. "तुला कसं सांगणार होते रे मी ते?" ती नंतर म्हणाली. आमच्या घरात त्या जागेचं नाव 'तिकडे' एवढंच आहे. चार तास तिच्या नसा दाबल्या जात होत्या आणि आमच्यात त्यासाठी शब्द नव्हता.

पायातली ताकद तीन महिन्यांत बरीच परत आली. लघवीवर ताबा यायला जास्त वेळ लागला. तोवर बहीण दिवसातून चारदा नळी घालून द्यायची. तळहाताएवढी एक जागा अजून बधिर आहे.

घरात कुणाचं कमरेचं ऑपरेशन असेल तर आधीच विचारून ठेवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी बंद करायच्या, कधी सुरू करायच्या, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या, पण कुठल्या चालू आहेत ते सगळं सांगा, दुखण्यावर घेतलेल्यासुद्धा. पहिल्या रात्री चार गोष्टींकडे लक्ष ठेवा: वाढत जाणारं दुखणं, पायात कमी होणारा जोर, बसायच्या जागेचा बधिरपणा, आणि नळी काढल्यावर न होणारी लघवी. यातलं काहीही दिसलं तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंचं असंच ऑपरेशन होतं. आदल्या दिवशी आई त्यांच्याकडे जाऊन बसली आणि त्यांच्या मुलासमोरच मोठ्याने म्हणाली, "शी-शूच्या जागेला हात लावून बघत जा. कळलं नाही तर लाजू नकोस, बोंब मार."

काकूंचं ऑपरेशन नीट पार पडलं. बहुतेकांचं पडतंच.