चालवणारा कुठाय?

नॅट विमानाचं मॉडेल पुरं झालं त्या संध्याकाळी मी ते आईच्या हातात दिलं. तिने ते चष्म्यापाशी नेलं, कॅनॉपीच्या काचेतून आत डोकावली आणि म्हणाली, "छान झालंय रे. पण चालवणारा कुठाय?"

चालवणारा नव्हता. मॉडेल करणाऱ्यांमधला हा जुना वाद आहे. पुष्कळ जण कॉकपिट रिकामं ठेवतात. मग सीट, पट्टे, घड्याळांची पाटी, रात्री जागून केलेली सगळी मेहनत नजरेला पडते. माणूस बसवला की ती झाकली जाते. शिवाय खोक्यात मिळणारा वैमानिक बहुधा ठोकळा असतो. हात मांडीवर, मान ताठ, फोटो काढायला बसल्यासारखा. वर्षानुवर्षं माझंही मत रिकाम्या कॉकपिटच्या बाजूनेच होतं, आणि चाकांवर उभ्या विमानाला ते शोभतंही. पण हे विमान मी चाकं पोटात घेतलेलं, पारदर्शक काडीवर उडतं केलं होतं. उडत्या विमानात माणूस नाही, हे खोटंच. आणि या विमानाच्या बाबतीत तर ते मला सोसवेना, कारण माझ्या मनात ते श्रीनगरचं नॅट होतं, १४ डिसेंबर १९७१ च्या सकाळचं.

नॅट म्हणजे चिलट. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुरतं पावणेसात मीटरही नाही; बहात्तर पट लहान केलं की तळहातावर मावतं. डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर यांनी ते मुद्दाम लहान आणि हलकं आखलं. इंग्लंडच्या हवाई दलाने एका माणसाचं लढाऊ नॅट ताफ्यात घेतलंच नाही, भारताने घेतलं, आणि बंगळूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये ते बनू लागलं. दिल्लीला पालमच्या संग्रहालयात मी नॅटजवळ बराच वेळ उभा होतो. बंडीसारखं अंगात घालायचं विमान वाटलं ते मला. त्या एवढ्याशा जागेत एक माणूस आणि दोन बाजूंना ३० मिलिमीटरच्या दोन तोफा.

कॅनॉपी फेविकॉलने चिकटवली होती म्हणून बरं. ओल्या ब्रशने कड भिजवत राहिलो, अर्ध्या तासाने ती अलगद सुटली. (झटपट चिकटणारा गोंद इथे कधी वापरू नये, त्याच्या वाफेने काच आतून पांढुरकी होते. एक विमान मी तसं गमावलं आहे.) मग खोक्यातला ठोकळा भिंगाखाली धरला. उभा केला असता तर दोन-अडीच सेंटिमीटरचा. डोकं ज्वारीच्या दाण्याएवढं.

आधी हात. ते खांद्यापासून कापले, कोपरात पुन्हा छेद दिला. डावा हात थ्रॉटलवर, उजवा दोन गुडघ्यांमधल्या स्टिकवर. बूड कानशीने घासून पातळ केलं, नाहीतर डोकं काचेला लागत होतं. पट्टे मास्किंग टेपच्या केसाएवढ्या चिरफाळ्यांचे. ऑक्सिजनच्या नळीसाठी जुन्या इअरफोनमधली तांब्याची तार पिळून घेतली.

मग मान. तिथे मी दोन संध्याकाळी अडकलो.

श्रीनगरच्या त्या नॅटमधले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों त्या सकाळी पुढे बघत नव्हते. युद्ध सुरू होईपर्यंत श्रीनगरला लढाऊ विमानं नव्हती. अठरा नंबरच्या स्क्वॉड्रनची नॅट तिथे नुकतीच आली होती. पेशावरहून पाकिस्तानची सहा सेबर विमानं आली. धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना जोडीदार घुमान यांच्या पाठोपाठ सेखों यांनी विमान उचललं. थोड्याच वेळात जोडीदाराचं विमान नजरेआड झालं आणि सेखों एकटे उरले. मानपत्रात लिहिलं आहे की त्यांनी एका सेबरवर नेम साधला आणि दुसरं पेटवलं. बाकीची त्यांच्या मागे लागली. शत्रू मागे असताना वैमानिक समोर बघत नाही. अशा वेळी तो मान मोडेस्तोवर मागे वळतो, शेपटीच्या पलीकडे काय आहे ते शोधतो.

मी ब्लेडने मान कापली आणि डोकं उजवीकडे फिरवून चिकटवलं. दिसलं बाहुलीसारखं. दुसऱ्या दिवशी खुर्चीत ताठ बसलो, हात स्टिकवर असल्यासारखे धरले आणि मागे वळून पाहिलं. तेव्हा कळलं की नुसती मान वळत नाही. डावा खांदा पुढे येतो, उजवा मागे जाऊन खाली दबतो, पाठ सीटपासून सुटते, हनुवटी जवळजवळ खांद्याला टेकते. पुट्टीचा कण घेऊन डावा खांदा टूथपिकने भरला, उजवा घासला. डोकं पुन्हा बसवलं. आणि एकाएकी तो ठोकळा राहिला नाही.

चेहरा फार नाही रंगवला. या आकारात डोळे काढू नयेत, ते बटबटीत होतात. भुवईखाली पातळ तपकिरी रंगाची सावली सोडली की नजर आपसूक येते. काळसर मास्कच्या कडेला जबड्यालगत एक रेघ ओढली, एका केसाच्या ब्रशने, श्वास रोखून. ती दाढी. भिंगाशिवाय कुणाला दिसणार नाही. ती असायला हवी होती.

फेविकॉल सुकून काचेसारखा झाला तेव्हा विमान पुन्हा आईच्या हातात दिलं. ७१ साली खिडक्यांना काळे कागद लावल्याचं तिला आठवतं; सायरन झाला की आजी देवापुढची समईसुद्धा शांत करायची म्हणे. तिने विमान उजेडाकडे फिरवलं. बराच वेळ पाहत होती.

"मागे कोण आहे रे याच्या?" तिने विचारलं.

मी सांगितलं. सेखों यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं, हवाई दलात ते मिळालेले ते आजवरचे एकमेव. त्यांच्या नॅटचे तुकडे एका घळीत सापडले. सैन्याने डोंगर पुन्हा पुन्हा धुंडाळला, पण त्यांचा देह मिळाला नाही.