मंजुळा आणि झेंडूचा दोरा

घरच्या घरी डॉक्टरकी करायला आपण सगळेच एका पायावर तयार असतो. पण पेशंटच्या नातेवाइकांनी खरं सांगायचं असतं, हे मात्र सोयीस्करपणे विसरतो!

माझ्याकडे कोंबड्या आहेत असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘म्हणजे... खायला?’ नाही हो, पाळायला! दोन आहेत. मंजुळा आणि गोदा. पुण्यात सहकारनगरला तळमजल्यावर भाड्याने राहते, मागे चार पावलांचं अंगण आहे. मी फ्रीलान्सिंग सुरू केलं तेव्हा वाईजवळच्या आमच्या गावाहून आजीने त्या दोघींना डालग्यात घालून माझ्या हवाली केलं होतं. ‘दिवसभर त्या डब्यापुढं बसतीस, घरात कुणाचा आवाज नको का?’ हे तिचं लॉजिक. डबा म्हणजे माझा लॅपटॉप! आणि दोन का? तर कोंबडीला एकटं ठेवू नये, ती झुरते म्हणून. घरमालक काकूंनी थोडे आढेवेढे घेतले, पण आठवड्याला चार अंडी पोचायला लागल्यावर त्यांचाही विरोध मावळला.

गोदा म्हणजे आमची एच.आर. मॅनेजर. सगळीकडे नाक खुपसणार, म्हणजे चोच. मंजुळा शांत. मी स्टोरी टाइप करत बसले की मागच्या दारात येऊन पायरीवर बसून राहायची. एडिटरचा फोन आला की एकदाच मान तिरकी करून बघायची, ‘आज पण डेडलाइन गेली का?’ अशा नजरेने. तर ही गोष्ट त्या मंजुळेची. आणि खरं सांगायचं तर मी मारलेल्या एका थापेची.

२०२४ चा दसरा शनिवारी होता. दाराला तोरण, स्कूटीला हार, लॅपटॉपला पण एक पिटुकला हार. सगळं साग्रसंगीत! पुढच्या शनिवारपर्यंत ते तोरण दारावर वाळत राहिलं. त्या संध्याकाळी काढलं आणि टाकून कशाला द्यायचं म्हणून अंगणात भिरकावलं. झेंडूच्या पाकळ्या कोंबड्यांना आवडतात, त्यांच्या खाद्यात झेंडू घातला की अंड्यातला बलक छान केशरी होतो हे मला माहीत होतं. स्वतःवरच खूश होते मी. रूममेट म्हणाली, ‘अगं, दोरा काढ ना आधी.’ मी म्हटलं, ‘काढते.’ तेवढ्यात फोन वाजला. पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल.

रविवारी सकाळी खुराडं उघडलं. गोदा नेहमीसारखी पळत बाहेर. मंजुळा मात्र आत कोपऱ्यात अंग फुगवून बसलेली. दाणे टाकले तर बघितलं नुसतं. मधूनच मान लांब करायची, वेडीवाकडी वळवायची, जांभई दिल्यासारखी चोच उघडायची. रूममेटचं निदान तयार होतं, ‘खुडूक झाली असेल.’ पण खुडूक कोंबडी हात लावला की अंगावर येते. ही तर गुपचूप उचलू देत होती. जाम टेन्शन आलं. सरळ आजीला फोन लावला.

आजीने एकच गोष्ट करायला सांगितली. ‘मानेखाली उजव्या अंगाला हात लावून बघ. सकाळची पिशवी रिकामी पाहिजे.’

आता हा पिशवीचा फंडा नीट समजून घ्या. कोंबडीला दात नसतात. ती जे टिपते ते आधी मानेच्या बुंध्याशी असलेल्या एका पिशवीत साठतं. बायोलॉजीच्या पुस्तकात तिला अन्नपुट म्हणतात. तिथून ते थोडं थोडं पुढे जठरात आणि मग पेषणीत जातं. ही पेषणी म्हणजे कोंबडीचा मिक्सर. गिळलेल्या बारीक खड्यांच्या मदतीने ती दाणे दळून काढते. संध्याकाळी पोटभर खाल्लेली कोंबडी बघा, पिशवी टम्म फुगलेली असते. रात्रभरात ती रिकामी होते आणि सकाळी हाताला जवळजवळ लागतच नाही. म्हणूनच पहाटे, काहीही खायच्या आधी हात लावून बघायचं. संध्याकाळी तपासलंत तर कुठलीही धडधाकट कोंबडी आजारी वाटेल!

मंजुळेच्या पिशवीला हात लावला. मोठ्या लिंबाएवढा गोळा. मळून ठेवलेल्या कणकेसारखा घट्ट. बोटाने दाबलं तर खळगा तसाच राहिला.

‘कणकेवानी लागतंय?’ आजीने विचारलं. ‘मग तुंबलंय. पाण्याच्या फुग्यावानी असतं आणि तोंडाला आंबूस वास आला असता, तर आंबलंय म्हणायचं.’

नंतर मी वाचून काढलं, तर अक्षरशः हेच! कोंबडीच्या या पिशवीची दुखणी मुख्यतः तीन तऱ्हेची. एक, लांब गवत, पेंढा, दोरा असलं काही अडकून ती तुंबते. दोन, आतलं अन्न पुढे न सरकता कुजतं, त्यात कँडिडा नावाचं यीस्ट माजतं आणि चोचीला बिघडलेल्या इडलीच्या पिठासारखा वास येतो. तीन, पिशवीचे स्नायूच सैल पडतात आणि ती लोंबायला लागते. एकातून दुसरं पण होऊ शकतं. तुंबलेलं फार दिवस राहिलं की आंबतं. सातवीपर्यंत शिकलेल्या माझ्या आजीने हे सगळं फोनवर, मंजुळेला न बघता सांगितलं होतं.

आणि मग तिने तो प्रश्न विचारला. ‘काल काय खाल्लं तिनं?’

मी म्हटलं, ‘नेहमीचंच गं.’

का म्हटलं? आजीने विश्वासाने दिलेली कोंबडी, रूममेटने वेळेवर सांगितलेलं, आणि तरी माझा आळस. कोण कबूल करणार? त्यात डोक्यात असंही होतं की दोरा तिने खाल्ला असेल कशावरून? अंगणात जाऊन बघायचं धाडससुद्धा केलं नाही मी. न बघितलेली गोष्ट घडलेली नसते, असा आपला एक समज असतो ना, तसं.

रविवार असल्यामुळे बहुतेक क्लिनिक्स बंद. जी उघडी होती तिथे, ‘मॅडम, ओन्ली डॉग्ज अँड कॅट्स.’ एका ठिकाणी तर पलीकडचा माणूस फोनवर चक्क हसला. मग घरीच कामाला लागले. मंजुळेला गोदापासून वेगळं केलं. पुठ्ठ्याचा मोठा खोका, खाली पेंढा न घालता वर्तमानपत्र, म्हणजे आणखी काही टोचून खायला नको. दाणे पूर्ण बंद, पाणी समोर. कोमट केलेलं खोबरेल तेल ड्रॉपरने चोचीच्या कडेला एकेक थेंब. थेंब टाकायचा, तिने गिळला की पुढचा. कारण कोंबडीच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या अगदी मागे असतं. घाईने धार ओतली की तेल थेट फुप्फुसात. मग तिला मांडीवर घेऊन त्या गोळ्याला बोटांनी हलकं हलकं चोळायचं. पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा.

शेजारच्या काकांनी सल्ला दिला, ‘उलटी धरून दाबा, सगळं बाहेर येईल.’ गावाकडे असं करतात म्हणे. आजी फोनवर ओरडलीच. ‘आजिबात नाही! गुदमरून मरंल ती. आमच्या दोन गेल्यात तशा.’

रविवारची रात्र मी मंजुळेला मांडीवर घेऊन काढली. बोटांखाली तो गोळा, त्याच्या खाली तिचं धडधडणारं काळीज. माझ्याकडून पाकळ्यांची मेजवानी खाऊन आजारी पडलेली ती माझ्याच मांडीवर डोळे मिटून निर्धास्त बसली होती. सॉलिड गिल्टी वाटत होतं, बॉस.

सोमवारी सकाळी हात लावला. गोळा थोडा मऊ वाटला. मी खूश. दुपारी परत तसाच. मंगळवारी सकाळी तुरा फिका पडलेला आणि उचलल्यावर ती हलकी लागली. छातीचं हाड हाताला टोचत होतं. पक्षी आजार लपवतात. निसर्गात कमजोर दिसणारा आधी शिकार होतो, म्हणून शेवटपर्यंत ठीक असल्याचा आव आणतात. त्यामुळे कोंबडी आजारी ‘दिसायला’ लागते तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. एक-दोन दिवसांत पिशवी रिकामी झाली नाही की घरगुती उपाय थांबवायचे. वाचलं होतं मी हे. पण मधल्या त्या ‘थोडा मऊ वाटला’ने मला अर्धा दिवस फसवलं.

मदतीला आला आमचा कोपऱ्यावरचा पंक्चरवाला. त्याची गच्चीवर कबुतरं आहेत. त्याने पक्षी तपासणाऱ्या एका डॉक्टरांचा नंबर दिला. रिक्षात खोका मांडीवर घेऊन निघाले. रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलंच, ‘गावरान आहे का?’

डॉक्टरांनी मंजुळेला शांतपणे तपासलं. चोच उघडून वास घेतला, गोळा चाचपला. आणि मग तोच प्रश्न. ‘काय खाल्लं होतं?’

जिभेवर ‘नेहमीचंच’ आलं होतं. पण टेबलावर मंजुळा मान वाकडी करत होती. मी म्हटलं, ‘डॉक्टर, झेंडूचं तोरण. दोऱ्यासकट. शनिवारी संध्याकाळी.’

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त तेल किती दिलं, मालिश किती केलं ते विचारलं. मग म्हणाले, ‘गवत असतं तर तुम्ही केलंत ते योग्य होतं. तेल-पाण्याने गवत सैल होतं. दोरा विरघळत नाही. उलट तो पुढे ढकलला गेला असता तर आतड्यात अडकून आतडं कापलं असतं. दोरा आहे म्हटल्यावर चोळायचंच नाही, आणायचं.’

म्हणजे दोन दिवस मी प्रेमाने जे करत होते, त्यानेच ती मेली असती. उपाय चुकीचा नव्हता. मी त्याला दिलेली माहिती खोटी होती.

भूल देऊन त्यांनी पिशवीला छोटा छेद घेतला आणि आतलं बाहेर काढलं. पाकळ्यांचा चोथा, गवताच्या काड्या आणि त्या सगळ्यांना गुंडाळून बसलेला पांढरा दोरा. ओला, पिळलेला, माझ्या हातभर लांब. मग पिशवीला वेगळे टाके, कातडीला वेगळे. उबेत ठेवा, थोडं थोडं मऊ खाणं द्या, औषधं चालू आहेत तोवर आणि नंतरही मी सांगेन तेवढे दिवस हिची अंडी खायची नाहीत, अशी ताकीद. काकूंना तेव्हा एकट्या गोदाच्या अंड्यांवर भागवावं लागलं.

रात्री आजीला फोन केला. ‘आजी, मी खोटं बोलले. तोरण टाकलं होतं मी. दोऱ्यासकट.’

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाली, ‘नेहमीचं खाऊन कोंबडी अशी बसत नाही, पोरी. मला कळलं हुतं त्याच दिवशी. पर तू सांगशील म्हणून थांबले.’ आणि जरा थांबून, ‘मी बी चुकले. थांबायला नको हुतं. मुक्या जिवाच्या बाबतीत लाजायचं नसतं, लाजू द्यायचं पण नसतं.’

तेव्हापासून एक गोष्ट सारखी जाणवते. आपण सगळेच घरगुती उपायवाले आहोत. अ‍ॅसिडिटी? घे गोळी. पाठ धरली? स्प्रे मार. आणि शेवटी डॉक्टरांकडे गेलोच, तर ‘बाहेरचं फारसं नाही खात हो’, ‘झोप होते तशी’. रात्री दोनला वडापाव खाऊन, चार तास झोपून बिनदिक्कत सांगतो! गंमत म्हणजे त्या थापेवर मिळालेलं औषध लागू पडलं नाही की डॉक्टर बदलतो. आपल्याला निदान बोलता तरी येतं. मंजुळेच्या वतीने बोलायची जबाबदारी माझी होती आणि मी स्वतःची इमेज सांभाळत बसले होते.

१ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, मंजुळा पहिल्यांदा स्वतःहून मागच्या पायरीवर येऊन बसली. टाक्यांच्या जागी पिसं नव्हती, तेवढा भाग विचित्र दिसत होता. गोदाने येऊन दोन टोचे मारून हजेरी घेतली.

आता रोज सकाळी खुराडं उघडलं की आधी दोघींच्या मानेखाली हात जातो. दहा सेकंदांचं काम. लॉनचं कापलेलं लांब गवत अंगणात येत नाही, बारीक खड्यांची वाटी कायम भरलेली असते. तोरण मात्र लावतो आम्ही अजूनही. उतरवलं की मी आणि रूममेट जमिनीवर बसून एकेक फूल सोडवतो. फुलं अंगणात आणि दोरा झाकणाच्या डब्यात. तो अख्खा आहे ना, हे आधी बघून.